भोपाळला जाण्यापूर्वी: विदर्भातील गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरुड, मोर्शी, नरखेड, काटोल, सावनेर या सीमेलगतच्या तालुक्यांतून आणि पुढे भंडारा, गोंदिया, यवतमाळपर्यंतच्या गावांतून मध्य प्रदेशच्या राजधानीविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात, तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तिकिटांचे दर आणि गाड्यांच्या वेळा सतत बदलत असल्यामुळे त्या मुद्दाम दिलेल्या नाहीत.

१. भोपाळ केवढे शहर आहे? नागपूरपेक्षा मोठे की लहान?

लहान आहे. २०११ च्या जनगणनेत भोपाळ शहराची लोकसंख्या सुमारे १८ लाख होती, तर नागपूरची सुमारे २४ लाख. मध्य प्रदेशातही सर्वांत मोठे शहर इंदूर आहे. भोपाळ राजधानी असूनही दुसऱ्या क्रमांकावर आहे. शहर टेकड्यांवर वसलेले असून समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे, म्हणून मे महिन्यात ते तापत असले तरी चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाची सवय असलेल्या माणसाला तेथील संध्याकाळ सुसह्य वाटते. ढोबळमानाने शहराचे तीन भाग पडतात: मोठ्या तलावाच्या काठचे जुने नवाबी शहर, राजधानी झाल्यावर वाढलेले टी. टी. नगर आणि अरेरा टेकडीचा नवा भाग, आणि पूर्वेकडील भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कारखान्याची वसाहत. टी. टी. नगर म्हणजे तात्या टोपे नगर, हे तेथे राहणाऱ्यांपैकीही अनेकांच्या लक्षात नसते.

२. आमचे आजोबा सांगतात की पूर्वी आपण मध्य प्रदेशातच होतो आणि राजधानी नागपूर होती. हे खरे आहे का?

पूर्णपणे खरे आहे. इंग्रजांनी १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन केला तेव्हा त्याची राजधानी नागपूर होती. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार या प्रांताला जोडला गेला. १९५० मध्ये राज्यघटना लागू झाल्यावर याच प्रांताला मध्य प्रदेश हे नाव मिळाले आणि राजधानी नागपूरच राहिली. म्हणजे १९५० ते १९५६ या काळात ‘मध्य प्रदेशची राजधानी कोणती?’ या प्रश्नाचे बरोबर उत्तर नागपूर हे होते, आणि त्या काळात शाळेत असलेल्या वृद्धांनी ते तसे सांगितले तर त्यांची आठवण चुकलेली नसते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा हे आठ मराठी भाषक जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. उरलेल्या हिंदी भाषक भागाला, म्हणजे महाकोशलाला, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ ही राज्ये जोडून नवा मध्य प्रदेश तयार झाला आणि त्याची राजधानी भोपाळ ठरली. नागपूरहून कारभार पाहणारे मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल हेच नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. मात्र त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. नागपुरातील उच्च न्यायालयाऐवजी नव्या राज्याचे उच्च न्यायालय जबलपूरला बसले. नागपूरला पुढे उपराजधानीचा मान आणि हिवाळी अधिवेशन मिळाले, ते १९५३ च्या नागपूर करारातील आश्वासनामुळे.

ही माहिती येथे इतक्या सविस्तर देण्याचे कारण असे की, भोपाळ पाहायला जाणारा विदर्भातील माणूस त्या शहराला परके मानतो, आणि तलाव पाहून, बाजार करून परततो. आपला आणि त्या शहराचा धागा मात्र बराच जुना आणि घट्ट आहे, आणि तो पुढे प्रश्न १०, १४, १५ आणि १७ यांत वेगवेगळ्या निमित्ताने पुन्हा येतो.

३. इंदूर, जबलपूर, ग्वाल्हेर अशी मोठी शहरे असताना राजधानी भोपाळच का झाली?

या तिन्ही शहरांचा दावा होता आणि जबलपूरची नाराजी तर दीर्घकाळ टिकली. भोपाळच्या बाजूने दोन गोष्टी होत्या: ते नव्या राज्याच्या साधारण मध्यावर, दिल्ली-मद्रास लोहमार्गावर होते, आणि नवाबी काळातील मोठ्या इमारती व मोकळी जमीन सरकारी कामकाजासाठी उपलब्ध होती. विधानसभा कित्येक दशके मिंटो हॉल या नवाबी इमारतीतच भरत असे. १९९६ मध्ये ती चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या नव्या विधान भवनात गेली आणि त्या इमारतीला १९९८ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. गंमत अशी की राजधानी झाली तेव्हा भोपाळ हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. तो १९७२ मध्ये सिहोर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला.

४. आमच्या भागातून रेल्वेने जायचे कसे?

नागपूरहून भोपाळ लोहमार्गाने सुमारे ३९० किलोमीटर आहे आणि गाडीनुसार साडेपाच ते सात तास लागतात. दक्षिणेकडून दिल्लीला जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या बल्लारशा, सेवाग्राम, नागपूर, इटारसी, भोपाळ याच मार्गाने धावतात. त्यामुळे चंद्रपूर आणि वर्धा जिल्ह्यांतील प्रवाशांना नागपुरात गाडी बदलण्याची गरज सहसा पडत नाही. गोंदिया आणि भंडारा भागासाठी छत्तीसगड एक्सप्रेस थेट जाते. इंदूर-नागपूर वंदे भारतही भोपाळमार्गे आहे. नरखेड, पांढुर्णा, मुलताई, आमला या लहान स्थानकांवर मात्र प्रत्येक गाडी थांबत नाही, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी थांबा तपासावा.

पश्चिम विदर्भाचे गणित निराळे आहे. अकोल्याहून खंडव्याला जाणारा जुना मीटरगेज मार्ग रुंद करण्याचे काम मेळघाटाच्या पट्ट्यात रखडल्यामुळे तो सरळ रस्ता बंद आहे. अकोला, शेगाव, मलकापूरच्या प्रवाशांनी भुसावळ, खंडवा, इटारसी असा वळसा घ्यावा. नकाशावर तो उलटा वाटतो, तरी नागपूरला येऊन जाण्यापेक्षा सहसा सोयीचा पडतो.

शक्य असल्यास दिवसाची गाडी निवडावी. बैतूलच्या पुढे मरामझिरी आणि धाराखोह या स्थानकांदरम्यान गाडी सातपुडा उतरते, नर्मदापुरमला (जुने होशंगाबाद) नर्मदा ओलांडते आणि बुदनीच्या पुढे विंध्याच्या जंगलात शिरते. एका बैठकीत सातपुडा, नर्मदा आणि विंध्य हे तिन्ही पाहण्याची संधी झोपेत घालवू नये.

५. तिकिटावर ‘राणी कमलापती’ असे स्थानक दिसते. ते भोपाळच का? कोठे उतरावे?

होय, ते भोपाळ शहरातीलच स्थानक आहे. त्याचे जुने नाव हबीबगंज. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते बदलून गोंड राणी कमलापती यांचे नाव देण्यात आले. नागपूरकडून जाताना हे स्थानक आधी येते आणि भोपाळ जंक्शन काही मिनिटांनी नंतर. टी. टी. नगर, अरेरा किंवा भेल भागात मुक्काम असेल तर राणी कमलापती सोयीचे, आणि जुन्या शहरात उतरायचे असेल किंवा सांचीची गाडी पकडायची असेल तर भोपाळ जंक्शन सोयीचे. सगळ्या गाड्या दोन्ही ठिकाणी थांबत नाहीत, आणि परतीच्या वेळी चुकीच्या स्थानकावर जाऊन बसणारे प्रवासी कमी नसतात.

६. एसटीतील ७५ वर्षांवरील मोफत प्रवास आणि महिलांचे अर्धे तिकीट भोपाळपर्यंत चालते का?

नाही. या दोन्ही सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्याच आहेत. गाडी पुढे जात असली तरी सीमेपलीकडच्या टप्प्याचे पूर्ण भाडे द्यावे लागते. शिवाय मध्य प्रदेशात आपल्यासारखी सरकारी एसटी राहिलेली नाही. तेथील परिवहन महामंडळ बंद पडल्यापासून प्रवासी वाहतूक खासगी बसगाड्यांवर चालते. रेल्वेतील ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलतही मार्च २०२० पासून बंद आहे. खालच्या बर्थचे प्राधान्य मात्र कायम आहे, म्हणून आरक्षण करताना वय अचूक लिहावे.

७. स्वतःच्या गाडीने किंवा गावातील भाड्याच्या गाडीने गेले तर?

नागपूर-सावनेर-पांढुर्णा-मुलताई-बैतूल-इटारसी-नर्मदापुरम-भोपाळ हा रस्ता सुमारे ३५० किलोमीटरचा आहे आणि एका दिवसात आरामात होतो. मुलताईला तापीचे उगमकुंड रस्त्याजवळच आहे. तेथे अर्धा तास थांबावे. स्वतःच्या गाडीला वेगळा परवाना लागत नाही. भाड्याच्या गाडीला दुसऱ्या राज्यात जाण्याचा पर्यटक परवाना आहे की नाही, हे गाडीमालकाकडून कागद पाहूनच ठरवावे, कारण तोंडी आश्वासनावर निघालेल्या मंडळींचा दंड शेवटी प्रवाशांच्या वर्गणीतून भरला जातो. मालवाहू पिकअपमध्ये सतरंजी टाकून माणसे नेणे कायद्याने चालत नाही, मग गावातील यात्रा असो की लग्न.

८. किती दिवस काढावेत आणि कोणता वार टाळावा?

दोन मुक्काम आणि तीन दिवस पुरतात. एक दिवस शहरासाठी, एक सांची-विदिशासाठी आणि एक भीमबेटका-भोजपूरसाठी ठेवावा. सांची ईशान्येला आणि भीमबेटका दक्षिणेला असल्यामुळे दोन्ही एकाच दिवसात बसवण्याचा हट्ट धरू नये. अंतर जमते, पण पाहणे होत नाही.

शहरासाठी सोमवार टाळावा. जनजातीय संग्रहालय, मानव संग्रहालय आणि भारत भवन ही तिन्ही ठिकाणे सोमवारी बंद असतात. वन विहाराच्या सुट्टीचा वार निराळा आहे. सांचीचा स्तूप रोज पाहता येतो, परंतु त्याच्या पायथ्याचे पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते. जनजातीय संग्रहालय दुपारी बारा वाजता उघडते आणि भारत भवनही दुपारनंतरच, म्हणून शहराच्या दिवशी सकाळ जुन्या शहराला आणि तलावाला द्यावी, दुपारपासून रात्रीपर्यंतचा वेळ श्यामला टेकडीवरील संग्रहालयांना द्यावा.

९. शेतीच्या कामांतून कोणता काळ काढावा?

दोन काळ चांगले आहेत. पोळ्यानंतर, पाऊस ओसरू लागलेला असतो आणि तलाव काठोकाठ भरलेला असतो, तेव्हा शहर सर्वांत देखणे दिसते. दुसरा काळ म्हणजे सोयाबीन निघून कापसाचा पहिला वेचा झाल्यानंतरचा, नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. सांची आणि भीमबेटका येथे उघड्यावर चालावे लागत असल्यामुळे वृद्धांसाठी हाच बरा. एक सूचना: नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास भोपाळजवळ तब्लिगी इज्तिमा हा मुस्लिम धर्ममेळावा भरतो आणि देशभरातून लाखो लोक येतात. त्या तारखांना गाड्यांत जागा आणि शहरात खोली मिळणे कठीण होते, म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी चौकशी करावी.

१०. भोपाळ कोणी वसवले? तेथे मराठे आणि गोंड यांचे राज्य होते का?

नवाबांच्या आधी हा भाग गिन्नौरगडच्या गोंड राजघराण्याकडे होता. राजा निजामशाह यांच्या मागे राणी कमलापती यांनी येथे राज्य केले, आणि तलावाकाठी त्यांच्या महालाची वास्तू अजून उभी आहे. देवगड आणि चांदा येथील गोंड राज्यांच्या वारशात वाढलेल्या विदर्भातील माणसाने ती पाहावीच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दोस्त मोहम्मद खान या अफगाण सरदाराने येथे सत्ता मिळवली, फतेहगड किल्ला बांधला आणि त्याच्या वंशजांचे राज्य १९४९ मध्ये भारत सरकारने कारभार हाती घेईपर्यंत टिकले.

मराठ्यांनी भोपाळवर थेट राज्य केले नाही, परंतु येथे दोन मोठे प्रसंग घडले. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावांनी निजामाला भोपाळजवळ कोंडले, त्याची रसद तोडली आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा येथे तह करायला लावला. माळव्यावरील मराठ्यांचा हक्क आणि नर्मदा-चंबळ यांमधील मुलूख त्याने मान्य केला. उघड्या मैदानातील मोठ्या लढाईशिवाय मिळवलेला हा विजय बाजीरावांच्या डावपेचांचा उत्तम नमुना मानला जातो. दुसरा प्रसंग नागपूरकरांशी जोडलेला आहे. १८१२-१३ मध्ये नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांनी मिळून भोपाळला वेढा घातला, आणि भोपाळचा कारभार पाहणाऱ्या वजीर मोहम्मद खान याने उपासमार सोसून शहर राखले. आपल्याकडे हा वेढा क्वचितच कोणाला ठाऊक असतो. भोपाळच्या इतिहासात तो अभिमानाचा विषय आहे.

११. भोपाळवर बायकांचे राज्य होते म्हणतात, ते कसे?

१८१९ ते १९२६ या काळातील बहुतेक वर्षे भोपाळचा कारभार एकामागून एक चार बेगमांच्या हाती होता: कुदसिया, सिकंदर, शाहजहाँ आणि सुलतान जहाँ. कुदसिया बेगम यांनी गौहर महल आणि जामा मशीद बांधली, सिकंदर बेगम यांनी मोती मशीद. शाहजहाँ बेगम यांनी सुरू केलेली ताज-उल-मसाजिद ही देशातील सर्वांत मोठ्या मशिदींपैकी एक. पैशाअभावी तिचे काम थांबले, १९७१ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १९८५ मध्ये पूर्ण झाले. शेवटच्या सुलतान जहाँ बेगम या अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती होत्या, आणि सांची येथील संवर्धनाला व संग्रहालयाला त्यांनी पैसा दिला. बौद्ध स्तूपाच्या जतनात मुस्लिम राज्यकर्त्या स्त्रीचा वाटा आहे, हे सांचीला जाणाऱ्या प्रत्येक सहलीत मुलांना सांगण्यासारखे आहे.

इतर धर्मीयांना ताज-उल-मसाजिद पाहता येते. नमाजाच्या वेळा आणि शुक्रवारची दुपार टाळावी, अंगभर कपडे असावेत आणि पादत्राणे बाहेर ठेवावीत.

१२. मोठा तलाव खरोखर राजा भोजाने बांधला का? नौकाविहार करता येतो का?

परंपरेने अकराव्या शतकातील परमार राजा भोज याला श्रेय दिले जाते. कोलांस नदीवर मातीचा बांध घालून हा तलाव झाला आणि शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग आजही त्यातून येतो. २००२ मध्ये त्याला आणि शेजारच्या छोट्या तलावाला मिळून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत भोज पाणथळ म्हणून स्थान मिळाले. छोटा तलाव मात्र भोजाचा नव्हे. तो १७९४ मध्ये नवाबाचा मंत्री छोटे खान याने बांधवला.

राष्ट्रीय हरित लवादाने २०२३ मध्ये येथील क्रूझ आणि मोटारबोटींवर बंदी घातली, म्हणून जुन्या छायाचित्रांतील क्रूझच्या आशेने जाऊ नये. सूर्यास्ताच्या वेळी काठावरून तासभर फिरणे पुरेसे आहे.

१३. ताडोबा पाहिलेल्या माणसाने वन विहार पाहावे का?

वाघासाठी जाऊ नये. वन विहार हे सुमारे साडेचार चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे, परंतु तेथील वाघ, बिबटे आणि अस्वले मुख्यतः इतरत्र सोडवून आणलेली आहेत आणि कुंपणातच दिसतात. भाड्याच्या सायकलीवर तलावाकाठच्या रस्त्याने हिवाळ्यात पक्षी पाहत फिरायचे असेल, किंवा लहान मुले सोबत असतील, तर सकाळ चांगली जाते.

१४. जनजातीय संग्रहालय आणि मानव संग्रहालय एकच आहे का? दोन्ही पाहावे का?

दोन्ही वेगळी आहेत, जवळजवळ आहेत, आणि वेळ एकासाठीच असेल तर जनजातीय संग्रहालय पाहावे. भोपाळ शहरातील सर्वांत पाहण्यासारखी जागा कोणती, असे विचारले तर तलावाआधी आम्ही याच संग्रहालयाचे नाव घेतो.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयाची इमारत रेवती कामथ यांनी रचली. गोंड, भिल्ल, कोरकू, बैगा, कोल, भारिया आणि सहरिया या सात जमातींचे जग येथे काचेच्या कपाटात न मांडता प्रत्यक्ष आकारात उभे केले आहे, आणि ते त्या जमातींच्या कलाकारांनीच घडवले आहे. घरे, कणग्या, देवस्थाने, लग्नाचे मांडव, शिकारीची साधने यांतून माणूस चालत जातो. मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोली-चंद्रपूरकडील गोंड कुटुंब येथे येते तेव्हा त्यांना आपल्या घरातील वस्तू सन्मानाने मांडलेल्या दिसतात. इतर विदर्भकरांना शेजारच्या गावातील माणसे नव्याने कळतात. कोरकूंचे कोरीव लाकडी स्मृतिफलक नीट थांबून पाहावेत. संध्याकाळची प्रकाशयोजना चांगली असल्याने चारच्या सुमारास आत जाणे उत्तम.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय केंद्र सरकारचे आहे. सुमारे २०० एकर टेकडीवर देशभरातील जमातींची घरे उघड्यावर उभारली आहेत आणि आवारातच प्राचीन चित्रे असलेले शैलाश्रय, म्हणजे खडकातील नैसर्गिक निवारेही आहेत. चालणे पुष्कळ आहे, म्हणून गुडघेदुखी असलेल्यांनी वाहनाची सोय विचारून घ्यावी. भारत भवन हे तिसरे ठिकाण. चार्ल्स कोरिया यांनी टेकडीच्या उतारात पायऱ्या-पायऱ्यांनी बसवलेल्या या कलासंकुलाचे उद्घाटन फेब्रुवारी १९८२ मध्ये झाले. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी पाटणगढचे तरुण गोंड कलाकार जनगढसिंह श्याम यांना येथे आणले, आणि गोंड चित्रकलेला कागदावर व कॅनव्हासवर जी ओळख मिळाली तिची सुरुवात येथून झाली.

१५. दीक्षाभूमीचा स्तूप सांचीसारखा आहे म्हणतात. मग सांचीला आत जाऊन वंदना करता येते का?

आत जाता येत नाही, आणि हा फरक आधी माहीत असावा. नागपूरच्या दीक्षाभूमीची वास्तू सांचीच्या धर्तीवर असली तरी ती आतून पोकळ आहे, सभागृहासारखी. सांचीचा महास्तूप आतून भरीव आहे. सम्राट अशोकाच्या काळातील विटांचा मूळ स्तूप नंतर शुंगकाळात दगडांनी वाढवण्यात आला, आणि त्याभोवती प्रदक्षिणा घालणे हीच त्याची वंदना. जमिनीच्या पातळीवर एक प्रदक्षिणापथ आहे आणि पायऱ्या चढून वर दुसरा.

घाई न करता पाहण्याची गोष्ट म्हणजे चार तोरणे, म्हणजे कोरीव दगडी प्रवेशद्वारे. ती सातवाहन काळातील आहेत, इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराची. दक्षिण तोरणावरील ब्राह्मी लेखात राजा सिरी सातकणि याच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याने दान दिल्याची नोंद आहे. पैठणच्या ज्या घराण्याची नावे आपण नाणेघाट आणि नाशिकच्या लेण्यांत वाचतो, तेच हे घराणे. त्याच तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी कोरीव काम केल्याचाही लेख आहे. हस्तिदंतावरील बारकावा दगडात कसा उतरला, ते पाहिल्यावर त्या लेखावर विश्वास बसतो. तोरणांवर बुद्ध मानवरूपात कोठेही नाहीत: बोधिवृक्ष, रिकामे आसन, पावले, स्वार नसलेला घोडा यांतून त्यांचे अस्तित्व सुचवले आहे. ही खूण सांगणारा माणूस सोबत नसेल तर लोक ‘मूर्ती कोठे आहे?’ असे विचारत फिरतात. भंडारा जिल्ह्यातील पवनीच्या उत्खननात सापडलेल्या स्तूपांचे अवशेष ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना येथे त्याच युगातील बांधणी बऱ्याच अंशी अखंड पाहायला मिळते.

भोपाळपासून सांची सुमारे ४६ किलोमीटर आहे. १९८९ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. २०० रुपयांच्या नोटेमागे याच स्तूपाचे चित्र आहे.

१६. सांचीला धम्मसेनापतींच्या अस्थींचे दर्शन केव्हा होते?

सारिपुत्त आणि मोग्गलान या बुद्धांच्या दोन प्रमुख शिष्यांच्या अस्थी १८५१ मध्ये इंग्रज पुरातत्त्व संशोधक कनिंगहॅम यांना येथील व जवळच्या सतधारा येथील स्तूपांत मिळाल्या, इंग्लंडला गेल्या आणि स्वातंत्र्यानंतर परत आल्या. १९५२ पासून त्या सांचीच्या चेतियगिरी विहारात आहेत. सर्वसामान्यांना त्यांचे दर्शन नोव्हेंबरअखेरच्या वार्षिक महोत्सवात होते. एरवी विहारात जाता येते, परंतु अस्थिकलश बाहेर काढलेला नसतो. त्या दिवसांत विदर्भातून मोठ्या संख्येने उपासक जातात. मुक्काम सांचीत मिळाला नाही तर विदिशा किंवा भोपाळ धरावे.

१७. सांचीसोबत आणखी काय पाहावे?

सांचीपासून सुमारे दहा किलोमीटरवर विदिशा आणि तिच्याजवळ उदयगिरीच्या गुप्तकालीन लेण्या आहेत. तेथील पाचव्या लेण्यातील भव्य वराह पाहिल्याशिवाय परतू नये. शेजारच्या लेण्यात दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळातील, इसवी सन ४०१-०२ चा लेख आहे. याच चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता विदर्भातील वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला दिली होती, आणि पतीच्या मृत्यूनंतर तिने रामटेकजवळच्या नंदिवर्धनातून राज्य चालवले. रामटेकचा वराह पाहिलेल्या माणसाने उदयगिरीचा वराह पाहिला की माहेर आणि सासर अशी दोन्ही घरे पाहिल्यासारखे होते. जवळच बेसनगरला ग्रीक राजदूत हेलिओडोरसने वासुदेवाच्या नावाने उभारलेला स्तंभ आहे. गावकरी त्याला खांबबाबा म्हणतात आणि विचारतानाही हेच नाव घ्यावे.

१८. भीमबेटका आणि भोजपूर वृद्धांना झेपेल का?

भोजपूर सहज झेपते. भीमबेटक्याची बांधलेली पायवाट सोपी असली तरी चढउतार आणि दगड आहेत. काठी आणि पाणी सोबत असेल तर सत्तरीतील माणसेही पाहून येतात.

भीमबेटका हे प्राचीन चित्रे असलेल्या शैलाश्रयांचे ठिकाण भोपाळच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये ते शोधले; रेल्वेने जाताना खिडकीतून या टेकड्या पाहून त्यांना स्पेन-फ्रान्समधील चित्रगुहा आठवल्या, असे सांगतात. शेकडो शैलाश्रयांपैकी पंधराएक पर्यटकांसाठी खुले आहेत. २००३ मध्ये हे जागतिक वारसास्थळ झाले आणि भोवतालचे रातापानी जंगल डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. येथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाचा ठसा सापडल्याची बातमी २०२१ मध्ये गाजली होती. तो जुन्या मधमाश्यांच्या पोळ्याचा डाग असल्याचे २०२३ मध्ये पुढे आले. काही मार्गदर्शक अजून पहिली गोष्टच सांगतात.

भोजपूरचे शिवमंदिर अपूर्ण आहे आणि तेच त्याचे महत्त्व आहे. साडेसात फूट उंचीचे एकसंध शिवलिंग सर्वजण पाहतात. मंदिराच्या मागे दगड वर चढवण्यासाठी केलेला मातीचा उतार आणि आसपासच्या खडकांवर कोरलेले बांधकामाचे आराखडे फारच थोडे जण पाहतात. एक गल्लत टाळावी: भोजपूरजवळ बांधाचे जे अवशेष दिसतात ते भोपाळच्या मोठ्या तलावाचे नाहीत, तर भोजकाळातील दुसऱ्या, आता नाहीशा झालेल्या प्रचंड तलावाचे आहेत (मोठ्या तलावासाठी पाहा प्रश्न १२).

१९. गॅसकांडाची जागा पाहता येते का? अजून तेथे जाणे धोक्याचे आहे का?

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि अधिकृत आकड्यांनुसारही हजारो माणसे गेली. तो वायू हवेत राहत नाही. आज शहरात फिरताना त्याचा कोणताही धोका नाही. प्रदूषण उरले ते कारखान्याच्या परिसरातील मातीत आणि भूजलात. आवारात साठवलेला सुमारे ३३७ टन घातक कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला हलवण्यात आला.

कारखान्याचे आवार पर्यटकांसाठी खुले नाही. समोरच्या जे. पी. नगर वस्तीजवळ रस्त्याकाठी आई आणि मुलांचे स्मारकशिल्प आहे. ते पाहता येते. कापूस आणि संत्र्यावर फवारणी करणाऱ्या आणि यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर गेलेले पाहिलेल्या आपल्या भागातील माणसाला येथे वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. वस्तीतील लोकांना थांबवून छायाचित्रे काढू नयेत. त्यांच्यातील अनेकजण अजून उपचार घेत आहेत.

२०. जेवणाचे आणि भाषेचे कसे?

सकाळी पोहे मिळतील, पण तर्री मागू नये. तेथे पोह्यांवर शेव आणि सोबत जिलेबी असते. शाकाहारी जेवण सर्वत्र मिळते. मांसाहारी मंडळींनी जुन्या शहरात जावे, आणि तेथील मीठ घातलेला चहा एकदा चाखून पाहावा. दुसऱ्यांदा मागणारे थोडेच असतात. खरेदीत जरीकामाचे बटवे हे भोपाळचे खास. भाषा हिंदी, आपली वऱ्हाडी वळणाची हिंदी तेथे सहज चालते.

२१. भोपाळला जातोच आहोत तर बाबासाहेबांचे जन्मस्थान महूसुद्धा त्याच दिवशी होईल का?

होणार नाही. महू इंदूरजवळ, इंदूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे, आणि भोपाळ ते इंदूर अंतर सुमारे १९० किलोमीटर आहे. सांची आणि महू एकाच यात्रेत करायचे असल्यास भोपाळनंतर एक मुक्काम इंदूरला वाढवावा. उज्जैनही भोपाळपासून साधारण तितकेच दूर आणि इंदूरच्या बाजूला असल्याने तेही याच मुक्कामाला जोडता येते. परतीसाठी पुन्हा भोपाळला येण्याचे कारण नाही: इंदूरहून नागपूरसाठी थेट गाडी आहे, आणि अकोला-बुलढाण्याकडील प्रवाशांना रस्त्याने खंडव्याला येऊन पुढे रेल्वेने भुसावळ गाठता येते.